वीजदराचं गणित मराठवाड्यात बसूनच मांडायला हवं

वीजदराची सुनावणी लागते तेव्हा मराठवाड्यातून येणारी माणसं डीपीबद्दल, म्हणजे गावातल्या रोहित्राबद्दल बोलतात. डीपी जळून आठ दिवस झाले, ऑइल नाही म्हणून दुसरी मिळत नाही, ट्रॅक्टरचं भाडं वर्गणी काढून भरलं, मीटर बंद असताना सरासरीचं बिल हातात पडतं, चार गावांत मिळून एक लाइनमन. यातला शब्दन् शब्द खरा असतो. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलायचा नियम आहे आणि तो पाळला जात नाही, एवढं सांगायला माणूस कामधंदा सोडून शे-दीडशे किलोमीटर येतो. पण दराच्या आदेशात या बोलण्याची वाट ठरलेली असते. आधी आक्षेप, मग महावितरणचं उत्तर, शेवटी राज्य वीज नियामक आयोगाचा दोन-चार ओळींचा अभिप्राय. दर ठरतो तो वेगळ्याच कागदांवर: विक्रीचा अंदाज, गळतीची टक्केवारी, वीजखरेदीचा खर्च, मागच्या वर्षांची तूट आणि त्या तुटीवरचं व्याज. त्या तक्त्यांवर बोट ठेवून ‘हा आकडा चुकला आहे, आणि बरोबर आकडा हा’ असं सांगणारं आपल्याकडून जवळजवळ कुणी नसतं.

राज्य सरकारने छत्रपती संभाजीनगरला वीजदर आणि वीजबाजार यांचा अभ्यास करणारं सात-आठ जणांचं कायमचं पथक बसवावं, आणि त्याच्या प्रमुखाला सलग पाच वर्षं हलवू नये, असं माझं ठाम मत आहे. पाच वर्षं अशासाठी की, आयोगाच्या २०२४ च्या बहुवार्षिक दर विनियमांचा नियंत्रण कालावधीच २०२५-२६ ते २०२९-३० असा आहे. ज्याने पहिल्या वर्षीचे अंदाज तपासले, त्यानेच तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष खर्चाशी त्यांचा ताळा घातला, तर त्या अभ्यासाला अर्थ. दोन वर्षांनी बदलणारा अधिकारी हे करू शकत नाही, मग तो कितीही हुशार असो.

हे पथक नेमकं काय करील ते एका फीडरवर दाखवतो. ३३ केव्ही उपकेंद्रातून निघालेला ११ केव्हीचा शेतीचा फीडर, म्हणजे पंपांना वीज नेणारी वाहिनी घ्या. त्यावर समजा ३०० पंप आहेत, सरासरी ५ एचपीचे. एकूण १,५०० एचपी, म्हणजे १,११९ किलोवॅट. पुष्कळ पंपांना मीटर नाही, ज्यांना आहे त्यांतले बरेच बंद. मग वापर धरायचा कसा? एचपी गुणिले वर्षाचे तास. तास १,८०० धरले तर वापर २०.१४ लाख युनिट. ११०० धरले तर १२.३१ लाख. एका फीडरवर फरक पावणेआठ लाख युनिटांचा. आणि हा फरक कुठे नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या रकान्यात जाऊन बसतो. उपकेंद्रात आलेल्या १०० युनिटांपैकी ६० मीटरवर विकली गेली आणि २५ शेतीच्या नावावर लिहिली, तर गळती १५ टक्के. शेतीचा खरा वापर १८ असेल तर तीच गळती २२ टक्के. ती ७ युनिटं चोरीत गेली असतील, जुनाट तारांत तापून गेली असतील, न लावलेल्या मीटरच्या आड गेली असतील. कागदावर ती शेतकऱ्याने वापरलेली असतात.

हा वाद नवा नाही. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटासारख्या संस्थांनी तो आयोगापुढे वर्षानुवर्षं लावून धरला. शेवटी अभ्यासगटाच्या अहवालाच्या आधारे आयोगाने २०२० च्या आदेशात शेतीविक्रीचा आकडा खाली आणला आणि त्यासरशी गळतीचा आकडा वर गेला. म्हणजे आकडे घेऊन गेलं की आदेश बदलतो, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे.

पण मराठवाड्याचे तास वेगळे आहेत, आणि ते इथेच मोजावे लागतील. काळ्या पाषाणाच्या या जमिनीत विहिरीला पाणी असतं ते दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत. मार्चनंतर पाटोदा, भूम, औसा या पट्ट्यात पंप अर्धा तास चालतो आणि उपसा संपतो; मग वीज आठ तास असली काय नि बारा तास असली काय. पुरवठ्याचे तास म्हणजे पंपाचे तास नव्हेत. कुणाला हे तपासायचं असेल तर सोपी कसोटी आहे: एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षीचा लातूर परिमंडळाचा शेतीवापर आदल्या चांगल्या वर्षाशेजारी ठेवून पाहा. विहिरी कोरड्या असताना आकडा तसाच चालत आलेला दिसला, तर तो मोजलेला नसून गुणाकाराने काढलेला आहे असं समजा.

उलट्या बाजूनेही चूक होते, तीही मांडली पाहिजे. मंजुरी ३ एचपीची आणि विहिरीवर साडेसातची मोटर, असं सर्रास आहे. जळून दोनदा-तीनदा वाइंडिंग भरलेली मोटर जास्त करंट ओढते, व्होल्टेज पडलं की आणखी. जायकवाडीच्या कालव्यावर किंवा पूर्णा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात, जिथे ऊस आहे, तिथे पंप उन्हाळाभर चालतात. शेतकऱ्याची बाजू घ्यायची म्हणून फक्त सोयीचे फीडर निवडणारं पथक पहिल्याच सुनावणीत उघडं पडेल. म्हणून निवड थरांनी करायची: कालव्याखालचे, विहिरींच्या माळरानावरचे, बोअरवेलचे, आणि सौर वाहिनीवर गेलेले. प्रत्येक जिल्ह्यात तीन धरले तरी आठ जिल्ह्यांचे २४ फीडर होतात. त्यांची दर पंधरा मिनिटांची मीटरनोंद घ्यायची, तारेची लांबी आणि जाडी मोजून तांत्रिक गळती काढायची, दहा-बारा डीपींवर वेगळे मीटर बसवायचे आणि पंपांची शिरगणती करायची.

यात काय काय बिघडतं ते माहीत असलेला माणूस प्रमुख हवा. सीटी (मीटरसाठी करंट कमी करणारं छोटं रोहित्र) बसवलेली २००/५ ची आणि गुणक लावलेला ४००/५ चा, की वापर दुप्पट दिसतो. फीडरचा मीटर बंद पडला की मागच्या महिन्याचाच आकडा पुढे लिहिला जातो. बिघाडाच्या वेळी एका फीडरचा भार शेजारच्या फीडरवर टाकला आणि त्याची नोंद लॉगबुकात झाली नाही, तर दोन्ही फीडरांचे महिन्याचे आकडे वाया. गावठाणाची वस्ती शेतीच्या फीडरवर राहिलेली असते. आणि आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे उपकेंद्राशेजारीच सौर प्रकल्प येत आहेत. तिथे ३३ केव्हीकडून आलेली वीज आणि सौर प्रकल्पाची वीज अशा दोन बाजूंची बेरीज केली नाही, तर गळती खोटीच कमी दिसते, कधी उणेही निघते. मोठमोठ्या अहवालांतून ही चूक सापडत नाही, कारण तिथपर्यंत पोचेतो आकड्यांची सरासरी झालेली असते. ती उपकेंद्राच्या लॉगबुकातच दिसते.

सरकारने हा खर्च का करावा? एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल राज्य सरकार भरत आहे. वीज कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे अनुदानाची रक्कम कंपनीला आगाऊ द्यायची असते. म्हणजे शेतीचे तास फुगवले तर आता ते तिजोरीच्या अंगावर येतं, आणि उरलेलं घरगुती व औद्योगिक ग्राहकांवर क्रॉस सबसिडी म्हणून, म्हणजे शेतीचा भार उचलणारा जादा दर म्हणून बसतं. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याने माप स्वतः तपासावं, यात कुणाला वावगं वाटायचं कारण नाही.

दुसरं मोठं काम बिलाचं. ‘दर कमी झाले’ किंवा ‘दर वाढले’ या बातमीवरून कुणाला काहीच कळत नाही, कारण बिल पाच-सहा तुकड्यांचं असतं: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. वीज आकार उतरवून स्थिर आकार चढवला, तर ७५ युनिट वापरणाऱ्या घराचं बिल वाढू शकतं आणि ५०० युनिटवाल्याचं कमी होऊ शकतं. मागचा इंधन समायोजन आकार मूळ दरात मिसळला की दरवाढ मोठी दिसते, ग्राहक मात्र ते पैसे आधीपासूनच भरत असतो. म्हणून पथकाने डझनभर नमुना ग्राहक पक्के ठरवावेत आणि प्रत्येक आदेशानंतर त्यांचं बारा महिन्यांचं बिल काढावं. हिंगोलीतलं ७५ युनिटांचं घर, लातूरची डाळमिल, अंबाजोगाईची पिठाची गिरणी, सेलूची वर्षातून चार-पाच महिने चालणारी आणि उरलेले महिने करार मागणीपोटी आकार भरणारी जिनिंग, ग्रामपंचायतीची नळयोजना, वाळूजचा लघुदाब कारखाना, जालन्याची पोलादाची भट्टी.

२०२५ मध्ये याची गरज फार जाणवली. २८ मार्चला दराचा आदेश आला, एप्रिलच्या सुरुवातीलाच त्याला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला फेरआढाव्याचा आदेश निघाला. तीन महिन्यांत तीन चित्रं. त्या काळात जालन्याच्या भट्टीवाल्याला आपलं बिल नेमकं कुठे जाणार हे सांगणारं सरकारी ठिकाण मराठवाड्यात नव्हतं. इंडक्शन भट्टीत एक टन पोलाद वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सवलत होती, म्हणजे टनामागे ९०० रुपये. त्या हिशेबावर पाळ्या, मजूर, भंगाराच्या गाड्या, सगळं रात्रीवर लावलेलं. २०२५ च्या आदेशात सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या सौर तासांत नेली आणि संध्याकाळी ५ नंतर जादा आकार लावला. या बदलाला कारण आहे, दुपारी सौर वीज भरपूर असते आणि संध्याकाळी टंचाई. मी या बदलाच्या विरोधात नाही. पण भट्टी मनाला येईल तेव्हा थंड करता येत नाही, अस्तर तडकतं. कामाची वेळ फिरवायला सहा-आठ महिने लागतात. हे आकड्यांत मांडून टप्प्याटप्प्याची मागणी करणं आणि नुसतं ‘उद्योग मरतील’ असं म्हणणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

वीजबाजाराचं काम थोडक्यात सांगतो, कारण ते संभाजीनगरला बसून करता येण्याजोगं निम्मंच आहे. विजेची खरेदी-विक्री होते त्या एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग असतात, प्रत्येकाचा भाव वेगळा, कमाल मर्यादा युनिटला १० रुपये. पथकातल्या एकाने रोज सकाळी हे ९६ भाव आणि राज्याची खरेदी शेजारी-शेजारी ठेवून पाहावी. मराठवाड्याच्या दृष्टीने खरा प्रश्न परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा. तिथे आज २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा रेल्वेने दुरून येतो, पाणी खडका बंधाऱ्यातून आणि माजलगावातून. २०१३ च्या टंचाईत पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. वीज न घेताही क्षमतेपोटी आकार द्यावा लागतो, मात्र केंद्र ठरलेल्या प्रमाणात उपलब्ध असेल तरच तो पूर्ण मिळतो. दुपारची सौर वीज वाढेल तसे परळीसारखे संच जास्त वेळ कमी भारावर चालवले जातील. मग परळीला संध्याकाळच्या टंचाईसाठी तयार ठेवण्याची किंमत किती, तेच काम बॅटरीने केलं तर किती, आणि पाण्याची जोखीम त्यात कुठे धरली आहे? हा हिशेब परळीच्या रोजगाराएवढाच बीडच्या पाण्याचा आहे. तो करार होण्याआधी मांडावा लागतो. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या कराराची किंमत आपण सगळ्यांनी बिलात पाहिली आहे: १९९३ मध्ये सही, १९९९ मध्ये वीज, २००१ मध्ये माधव गोडबोले समितीची तपासणी, आणि त्याच वर्षी खरेदी बंद. ती तपासणी सात-आठ वर्षं उशिरा झाली.

आता पथक चालवायचं कसं. दोन वीज अभियंते, त्यांतला एक वितरणात प्रत्यक्ष काम केलेला, एक खर्च लेखापाल, एक संख्याशास्त्रज्ञ, एक वकील, एक विदा (डेटा) सांभाळणारा, आणि एक जण फक्त मराठीत लिहिणारा. शेवटचं पद मी मुद्दाम सांगतो. महावितरणची दराची याचिका शेकडो पानांची आणि इंग्रजीत असते, मराठीत येतो तो सारांश. शेतकऱ्याला आणि सरपंचाला तक्ता समजावणारं चार पानी टिपण वेळेत मिळालं, तर सुनावणीतलं बोलणंच बदलेल.

नव्या माणसाला पहिले दोन महिने एकच काम द्यावं: मागचा आदेश घेऊन त्यातल्या तक्त्यांवरून शेवटचा दर स्वतः काढून दाखवणं, पैशापर्यंत जुळेल असा. जिथे जुळत नाही तिथेच आयोगाने धरलेलं एखादं गृहीतक दडलेलं असतं. हे केल्याशिवाय कुणालाही नवीन याचिकेला हात लावू देऊ नये. हिशेबाचं मॉडेल किमान दोघांना येत असलं पाहिजे आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या याचिकेच्या कोणत्या पानावरून घेतला ते लिहिलेलं असलं पाहिजे. एकाच माणसाच्या लॅपटॉपवर असलेलं मॉडेल त्याच्या बदलीबरोबर जातं, आणि सरकारी कार्यालयांत हेच वारंवार घडतं.

हरकतींसाठी लोकांना साधारण २१ दिवस मिळतात, कायद्याप्रमाणे आदेश १२० दिवसांत द्यायचा असतो. २१ दिवसांत अभ्यास होत नाही, फक्त झालेला अभ्यास मांडता येतो. पहिल्या तीन दिवसांत मागच्या आदेशाशी फरक काढायचा, पहिल्याच आठवड्यात लेखी माहिती मागायची, कारण उशिरा मागितलेली माहिती सुनावणीनंतर येते. त्यानंतर मुद्दे पाचच ठेवायचे. वीस मुद्दे मांडले की वीसही दोन ओळींत निकालात निघतात. पाच मुद्दे पर्यायी आकड्यासह मांडले, तर आयोगाला त्याचं कारणासह उत्तर द्यावं लागतं, आणि ते कारण पटलं नाही तर अपिलात टिकणारा आधार हाती राहतो. वीज कायद्याच्या कलम ९४(३) खाली आयोग कुणालाही ग्राहकांच्या वतीने बाजू मांडायला अधिकृत करू शकतो. पथकाने ती मान्यता घेऊनच उभं राहावं.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की, महावितरण सरकारची, मग सरकारचं पथक तिच्याविरुद्ध आकडा कसा मांडणार? आक्षेप खरा आहे. म्हणून हे पथक ऊर्जा विभागाखाली नको. नियोजन विभागाखाली अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यात त्यांची कार्यालयं आहेत, नमुना पाहणीची सवय आहे. तिथे ते बसवावं. आयोगाकडे दिलेलं प्रत्येक निवेदन त्याच दिवशी संकेतस्थळावर टाकायची अट नेमणुकीच्या आदेशातच घालावी. प्रमुखाला मुदतीआधी हलवायचं तर लेखी कारण द्यावं लागेल, हेही त्यातच लिहावं. एवढं करूनही दबाव येईल. पण प्रसिद्ध झालेला आकडा मागे घेता येत नाही, आणि माझी भिस्त त्यावरच आहे.

महावितरणचा दर सगळीकडे एकच असताना मराठवाड्याचं वेगळं पथक कशाला, असंही विचारलं जातं. दर एक आहे म्हणूनच. युनिटचा दर परभणीच्या खेड्यात आणि पुण्यात सारखा, पुरवठा मात्र सारखा नाही. दांडेकर समितीने १९८४ मध्ये मागास भागांच्या विकासाचा अनुशेष मोजला तेव्हा त्यात ग्रामीण विद्युतीकरण होतं. खांब आणि जोडण्या मोजून तो भरला असं म्हणता येईल. व्होल्टेज, खंडित तास आणि जळालेल्या डीपी मोजल्या तर किती उरतो, हे सांगणारं माप कुणी ठेवलेलं नाही. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपल्यावर तर असा प्रश्न विचारणारी जागाच उरली नाही.

पथकासाठी इमारत नको, आठ टेबलं पुरतील. पुढच्या याचिकेआधी एक अख्खा रब्बी हंगाम हातात हवा. २४ फीडरांची निवड पोळ्यापर्यंत व्हावी, डीपींवरचे मीटर घटस्थापनेआधी बसावेत आणि नोंद दसऱ्याला सुरू व्हावी. मार्चअखेर, विहिरी आटायला लागल्यावर, ते मीटर काढायचे नाहीत. खरा फरक एप्रिल-मेच्या आकड्यांतच दिसणार आहे.